राहिलेली चार बोटं

खडेबाजारात चपलेचा अंगठा शिवून घेत उभा होतो, तेव्हा फोन आला. पलीकडे पार्वतीवहिनी, परसूची बायको. "मास्तर, हे उठंनात हो. मागावरच बसल्यात, हाक मारली तरी उठंनात..." एवढंच बोलल्या. एक चप्पल तिथंच टाकून मी रिक्षात बसलो. वडगावात पोचलो तर गल्लीतले यंत्रमाग एकेक करत बंद होत होते. परसूला भिंतीशी आडवं केलं होतं. शेजारी अर्धा प्यालेला चहा. सकाळचे दहा. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. महिना उलटून गेला, पण मला अजून पटलेलं नाही. खरं सांगायचं तर राग येतो. ज्याला तीन दिवसांपूर्वी समुद्रावरून सुखरूप माघारी आणला, तो घरात, बसल्या जागी जातो म्हणजे काय?

परसू विणकर आणि मी त्याच्या शेजारच्या गल्लीतला निवृत्त शिक्षक. सातवीपर्यंत एका बाकावर होतो, मग तो मागावर बसला तो बसलाच. सगळ्या गल्लीनं यंत्रमाग घेतले, यानं आपला हातमाग सोडला नाही. आणि त्याची एक रीत होती, त्याच्या आईनं घालून दिलेली. गावाला जायचं तर मागावरची साडी पुरी करायची नाही, चार बोटं तरी विणायची ठेवून उठायचं. काम राहिलेलं असलं की माणसाला माघारी यावंच लागतं, असा हिशेब. निपाणीला पाहुण्यांकडे दोन दिवस जायचं असलं तरी हा चार बोटं ठेवणार. मी चिडवायचो, "पुरी करून गेलास तर निपाणीवाले ठेवून घेणार आहेत काय रे तुला?" तो म्हणायचा, "हसा मास्तर. खरं मी एकदाबी कुठं ऱ्हायलोय काय?"

त्याची एकुलती एक लेक रेखा लक्षद्वीपात, अगत्ती बेटावर. जावई तिथल्या विमानतळावर आगीच्या बंबावर नोकरीला. नात दोन वर्षांची झाली, तरी परसूनं तिला फोनवरच पाहिलेलं. विमानाचं नाव काढलं की तो उठून मागावर जाऊन बसायचा. शेवटी या हिवाळ्यात मी म्हटलं, चल, मी येतो बरोबर. तेव्हा पठ्ठ्यानं साडी चार बोटं नव्हे, चांगली चार हात ठेवली. "पाण्यावरनं जायचंय मास्तर, चार बोटांत भागायचं न्हाय."

कोचीपर्यंत रेल्वेनं गेलो. तिथं विमानतळावर सामान ठरलेल्या वजनापेक्षा जास्त भरलं. लहान विमान, ते किलोकिलोचं बघतात. कुंद्याचे, म्हणजे आमच्याकडच्या खव्याच्या मिठाईचे, दोन डबे आणि लेकीसाठी विणलेल्या तीन साड्या. मी म्हटलं, कुंदा इथंच वाटून टाकू. परसू पिशवी घेऊन स्वच्छतागृहात गेला आणि बाहेर आला तो पोट सुटलेला. तिन्ही साड्या सदऱ्याखाली गुंडाळलेल्या! जन्मभर कापड गुंडाळण्यातच गेलेला माणूस, पण तपासणीला अंग चाचपतात हे त्याला कुठलं ठाऊक. अधिकाऱ्यानं सदरा वर करायला लावला, पदराचं टोक धरून ओढलं आणि परसू गोल गोल फिरत राहिला. "साब, मेरा हीच माल है, बेटी का है!" अख्खी रांग हसली. अधिकारीही हसला आणि त्यानं साड्या घडी करून परत दिल्या. मी मात्र लाजेनं भिंतीकडे तोंड करून उभा होतो... आज वाटतं, मीही हसायला हवं होतं.

विमानात त्यानं माझा हात सोडला नाही. बेट दिसल्यावर मात्र खिडकीला नाक लावून म्हणाला, "धोट्यागत हाय की वो!" खरंच, दोन्हीकडे निमुळतं, मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यासारखंच. धावपट्टी सुरू होते तिथं पाणी, संपते तिथंही पाणी. चाकं टेकली आणि बाजूला लाल बंब दिसला तसा हा ओरडला, "मास्तर, पेटलं बघा!" बंबावर त्याचाच जावई उभा होता.

आठ दिवस नातीचे पाय जमिनीला लागले नाहीत. निघताना रेखा म्हणाली, "आणि चार दिस ऱ्हावा की आप्पा." परसू म्हणाला, "साडी ऱ्हायल्या गं मागावर." तिनं लगेच त्याची पिशवी भरायला घेतली. तीही विणकराचीच लेक.

परत आल्यावर दोन दिवस त्यानं गल्लीभर बेटाच्या गोष्टी सांगितल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी मागावर बसला, वीतभर विणलं, आणि संपलं. रेखाला कळवलं, पण तिथं वारं सुटलेलं, दोन दिवस विमानच उडालं नाही. बापाचा अंत्यविधी तिनं फोनवर पाहिला. नातीला घेऊन ती चौथ्या दिवशी पोचली. तोवर भाऊबंद म्हणू लागले होते, साडी अशी अर्धी ठेवू नये, कापून माग मोकळा करा. वहिनी नुसत्या बसून होत्या. रेखानं ऐकलं आणि म्हणाली, "कोणी हात लावायचा न्हाय."

तेराव्यापर्यंत ती रोज सकाळी बापाच्या जागी बसली. लहानपणी शिकलेलं, हात अडखळत होता, धागे तुटत होते, पण साडी पुढं सरकत होती. नात शेजारी सुताच्या रिकाम्या कांड्यांशी खेळायची. निघायच्या दिवशी ती अचानक थांबली. मी म्हटलं, "संपव की गं, चारच बोटं राहिलीत."

"न्हाय काका. आप्पा न्हाईत, खरं आई हाय. मला परत यायचंय."

रेखा गेली. वहिनी रोज मागावरची धूळ झटकतात, मागाच्या फणीला धक्का लागू देत नाहीत. त्या चार बोटांवरून मी परसूला जन्मभर चिडवलं. आता रोज सकाळी तिथं जातो, कापडाच्या कडेला माझी चार बोटं लावून पाहतो आणि कुणी एक धागाही पुढं विणला नाही याची खात्री करून घरी येतो.