दसऱ्याच्या दिवसाची नोंद

दामू, माझा धाकटा भाऊ, जाऊन सहा आठवडे झाले. शेवटची भेट शहापूरच्या दवाखान्यात. मी त्याला पेज भरवत होते आणि शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचा जावई आमच्याकडे एकटक बघत होता. शेवटी बोललाच, "तुमीच ना ते हवालदार? आपल्याच माणसांवर लिहिलंत?" दामूनं पेज गिळली, दम घेतला. "मीच. तुमी वाचलंय काय?" जावई म्हणाला, नाय. "मग आधी वाचा, मागून भांडू..." दुसऱ्या दिवशी सकाळी दामू गेला.

ते लिहिलेलं काय होतं ते सांगते, कारण अजून लोक उलटंसुलटं सांगत फिरतात. दामू तीस वर्षं पोलिसात. कुठलं पोलीस ठाणं ते नाव घेत नाही, तिथं आता चांगली माणसं आहेत. दसऱ्याला पोलिसांचं शस्त्रपूजन असतं. बंदुका बाहेर मांडायच्या, हळद-कुंकू, झेंडू, पेढे. शस्त्रांच्या खोलीची चावी दामूकडे, म्हणून मांडामांड त्याचीच. त्या वर्षी साहेबांनी बाहेरच्या एका कडव्या संघटनेची माणसं बोलावली. त्यांनी आपल्या तलवारी सरकारी बंदुकांशेजारी ठेवल्या. आरती झाली आणि ठाण्यातल्याच पाच जणांनी, अंगावर वर्दी असताना, बंदुकीवर हात ठेवून शपथ घेतली, की इथून पुढे मुसलमानाची तक्रार घ्यायची नाही. साहेब समोर उभे राहून हसत होते. दामू मला म्हणायचा, "बाय, देव मी बी मानतो. झेंडू आपल्याच परसातला नेलेला. पन ती बंदूक त्यांच्या घरची नाय गो."

तेव्हा तो गप्प बसला. वाटलं, असेल तोंडाची वाफ. ही आपली चूक, असं तो नंतर स्वतःच सांगायचा. कारण चारच दिवसांनी एक मुसलमान पाववाला तक्रार घेऊन आला. त्याची गाडी उलटवून त्याला मारलेलं, कानातून रक्त येत होतं. टेबलावरच्या शिपायानं त्याला हाकलला. दामूनं त्याला फाटकातून परत आणला, तक्रार लिहून घेतली, आणि ठाण्याच्या डायरीत, जिथं दिवसभराचं सगळं लिहितात, तिथं दसऱ्याची शपथही लिहिली. पाच नावं शिपायांची, सहावं साहेबांचं. त्या डायरीच्या पानांवर नंबर असतात, पान फाडलं की कळतं.

साहेब म्हणाले, "हवालदार, तुमची दोन वर्षं राहिली. 'गैरसमजातून लिहिलं' एवढं खाली लिहा, सही करा, विषय संपला." दामूनं सही केली नाही. आठवड्यात त्याची बदली मुख्यालयात, फाटकावर उभं राहायला. इकडे आमच्या गावी, शेणव्यात, चुलत पुतणीच्या हळदीचं आवतण आम्हांला आलं नाही. हळद वाजत होती तीन घरं सोडून, आणि आम्ही दार लावून बसलेलो. तेव्हा मीच त्याला बोलले, "कर की रे सही! तो पाववाला लागतो कोन तुझा?"

"कोन नाय लागत गो. म्हनून तर ठाण्यात आला. नातेवाईक असता तर घरी आला असता."

पहिली चौकशी साहेबांच्याच दोस्तानं केली. काय निघणार त्यातून? किरकोळ वाद, म्हणे. दामूनं पुन्हा वर अर्ज टाकला. मग जिल्ह्यातून एक बाई अधिकारी आल्या. त्यांनी डायरी समोर ठेवून पाचांना एकेकटं बसवलं. चौघे नाही म्हणाले, पाचवा हो म्हणाला. तिघे निलंबित झाले, दोघांना समज मिळाली, साहेबांची नुसती बदली. मी चिडले. दामू शांत. "पाववाल्याची केस उभी राहिली ना? दसऱ्याला बाहेरच्यांना आत घ्यायचं नाय, असा कागद निघाला ना? मग?"

सही कर म्हणाले तेव्हा मी चुकले होते, हे छापून आलं तरी चालेल. वर्दीतल्या माणसानं कोणाचं ऐकायचं ते आधीच ठरवून टाकलं, तर लोकांनी जायचं कुठं? खात्यानं उशिरा ऐकलं, अर्धं ऐकलं, पण ऐकलं ते दामू हटला नाही म्हणून.

निवृत्तीनंतर तो पडवीतल्या बाकड्यावर बसून वाडीवरच्या माणसांचे अर्ज लिहायचा. परवा ठाकरवाडीतून एक बाई आली. दामू गेल्याचं तिला ठाऊक नव्हतं. ऐकलं तशी उठून निघाली. मी तिला हात धरून बाकड्यावर बसवलं. मी शाळेत दुसरीपर्यंतच, पुढचं सगळं पेपर वाचून वाचून शिकले, पण अर्ज येतो मला. तिच्या नवऱ्याला बाजारात चौघांनी मारलेलं आणि पोलीस नोंद घेत नव्हते. मी पानभर लिहिलं, दामूसारखंच मोठ्यानं वाचून दाखवलं. मध्येच तिनं माझा हात धरला.

"आजी, दारू पिऊन होता असं कुठं सांगितलं मी? तो पेत नाय."

खरंच, तिनं सांगितलंच नव्हतं. ते माझं मीच घातलेलं... मी तो कागद फाडला आणि दुसरा घेतला. म्हटलं, "सांग बाय. पहिल्यापासून सांग."