अर्धी बरणी खमीर

आमच्या सासऱ्यांना अख्खी गल्ली 'आत्ताच' म्हणते. आत्ताचची बेकरी, आत्ताचचा पाव, आणि मी आत्ताचची सून. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, हे आडनाव आहे की काय! पहिल्याच रविवारी उलगडा झाला. चर्चमध्ये पाळकसाहेबांनी उपदेश केला की परक्या माणसाला आपल्या ताटातलं द्यावं. उपासना संपली आणि सासरे बसथांब्यावरून तीन माणसं जेवायला घेऊन आले. घरात स्वयंपाक तिघांचा. मी नवी नवरी, डाव कुठे आणि वाट्या कुठे तेसुद्धा ठाऊक नाही.

"बाबा, आधी सांगायचं तरी!" मी म्हटलं.

"अगं, मलाच आत्ता कळलं," ते म्हणाले.

त्या तिघांतला एक तर बिचारा खरोखरच बसची वाट बघत होता. जेवला पोटभर, पण त्याची बस गेली ती गेलीच.

मग एकदा उपदेश झाला, ज्याच्याकडे दोन कोट असतील त्यानं एक द्यावा. बाबांकडे एकच कोट. पण घरात मिळून दोन, असा हिशेब करून त्यांनी माझ्या नवऱ्याचा कोट देऊन टाकला. नवरा अख्खी थंडी बापाच्या नावानं शिंका देत हिंडला. एकदा जिभेला आवर घालण्यावर उपदेश झाला, तर सोमवारी दुकान मुक्यानं चाललं. गिऱ्हाईक विचारायचं आणि हे हातवारे करायचे. एका बाईंना एक लांबडा पाव हवा होता, त्यांना सहा गोल मिळाले. शेवटी मीच गल्ल्यावर बसले आणि दोघांच्या वाटचं बोलून घेतलं.

मी चिडायची. का नाही चिडणार? निस्तरायला मीच ना! एकदा भट्टीपुढे उभी राहून सरळ विचारलं, "बाबा, ऐकलं की लगेच करायलाच हवं का? जरा विचार करावा, दोन दिवस जाऊ द्यावेत."

ते भट्टीतून पाव काढत होते. लांब दांड्याच्या फळीवर एकेक पाव घ्यायचा, तळाशी टिचकी मारून आवाजावरून भाजला का ते बघायचं आणि फडताळावर ठेवायचा. त्यांनी टिचकी मारली, मान हलवली आणि म्हणाले, "डॉक्टरवर माझा फार विश्वास आहे म्हणायचं आणि त्यानं दिलेली गोळी खिशात घालून हिंडायचं, याला काय अर्थ आहे? देवावर विश्वास आहे ना तुझा? मग तो सांगतो ते करून टाक. उद्यावर टाकलं की माझ्यातला वकील जागा होतो. मग तो वकील मला काही करू देत नाही."

खरं सांगते, मला त्यांचा राग यायचा आणि अभिमानही वाटायचा, दोन्ही एकदमच. पण एक गोष्ट माझ्या डोळ्यांत खुपायची. आमच्या बेकरीच्या दारातून समोर बघितलं की दुसरी बेकरी दिसायची. ती काकांची, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाची. रस्ता तो केवढा! इकडे शिंकलं तर तिकडे ऐकू जाईल. आणि या दोघांत एक शब्द नाही.

कारण ऐकाल तर कपाळाला हात लावाल. खमीर! आधी दोघं भाऊ एकाच भट्टीवर काम करायचे. त्यांच्या आईनं एक बरणी ठेवली होती. पीठ आणि पाणी आंबवून केलेलं खमीर, ज्यानं पाव फुगतो. ते जिवंत असतं. रोज त्यातलं थोडं वापरायचं आणि रोज मूठभर ताजं पीठ आणि पाणी घालायचं, की ते पुन्हा वर येतं. आई गेली आणि बरणी मागे राहिली. एका उन्हाळ्यात बाबा आजारी पडले, आठवडाभर सगळं काकांवर आलं. भट्टी, दुकान, दवाखाना, सगळ्या धावपळीत बरणीला पीठ घालायचं राहून गेलं. बाबा उठून बघतात तर वर काळा थर आणि खाली आंबूस पाणी. तळाशी चमचाभर बरं उरलं होतं, त्यातून बाबांनी ते पुन्हा उभं केलं. खमीर वाचलं. पण त्या दिवशी भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, बाबा धाकट्या भावाला म्हणाले, "आईला दुसऱ्यांदा मारलंस तू."

काका त्याच महिन्यात वेगळे झाले. जाताना बरणीतलं मूठभर खमीर मागितलं. बाबा म्हणाले, "पुन्हा मारायला?" आणि झाकण लावलं.

मी हे सगळं काकूंकडून ऐकलं. बाया बोलायच्या हो, आमचं बोलणं कुठे थांबतंय! काकूंनीच सांगितलं की काकांनी स्वतःचं नवं खमीर कितीदा लावलं, पाव चांगला होतो, खपतो, पण पहिला पाव फोडला की काका वास घेतात आणि तोंड फिरवतात.

एकदा न राहवून मी बोललेच. "बाबा, सगळ्या जगासाठी आत्ताच, आणि काकांसाठी कधीच नाही, हे कसं?"

"मी त्याला केव्हाच माफ केलंय," ते ताठ मानेनं म्हणाले. "माझ्या मनात काही नाही." झालं, विषय संपला. मनात काही नसलेला माणूस समोरच्या दुकानाकडे पाठ करून का बसतो, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

आणि मग तो रविवार आला. प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी एकच पाव वाटून खायचा विधी. त्यासाठीचा पाव नेहमी बाबाच भाजायचे, आईच्या खमिराचा. गोल, जाड सालीचा, पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेला. उपदेशानंतर तो मधल्या वाटेनं पुढे नेऊन मेजावर ठेवायचा मानही त्यांचाच. पाळकसाहेब त्या दिवशी अर्पणाबद्दल बोलत होते. म्हणाले, देवापुढे काही ठेवायला आलास आणि तुला आठवलं की भाऊ तुझ्यावर नाराज आहे, तर ते तिथंच ठेव आणि आधी भावाकडे जा. मग म्हणाले, "नीट ऐका हं. तुमच्या मनात भावाबद्दल काय आहे, ते विचारलेलं नाही. भावाच्या मनात तुमच्याबद्दल काय आहे, ते विचारलंय."

मी बाबांकडे बघितलं. त्यांचे कान लाल झाले होते.

ऑर्गन सुरू झाला, मंडळी उभी राहिली. बाबा पाव घेऊन निघाले आणि अर्ध्या वाटेत थांबले. मला वाटलं, गुडघा धरला. पण ते कसलंसं पुटपुटत होते. मग भराभर पुढे गेले, पाव मेजावर ठेवला, पाळकसाहेबांच्या कानात काहीतरी सांगितलं आणि वळून थेट दाराबाहेर! मंडळीचे डोळे आधी त्यांच्यावर, मग माझ्यावर. जणू मीच काही करून ठेवलंय. नवरा मला म्हणाला, "जा गं बघ, आज काय देऊन टाकतायत." स्वतः मात्र जागचा हलला नाही. नवा कोट घालून आला होता ना!

मी धावले. बाबा पुढे, मी मागे, चपला हातात. मला वाटलं समोरच्या बेकरीत जातील, तर ते आमच्याच दुकानात शिरले. बरणी काढली, दुसरी रिकामी बरणी शोधली आणि खमीर ओतायला लागले.

"मूठभर पुरे आहे, बाबा."

"मूठभर त्यानं मागितलं होतं तेव्हा," ते म्हणाले. "आता अर्धं."

रस्ता ओलांडताना त्यांचा वेग गेला. मी त्यांना कधी इतकं हळू चालताना बघितलं नव्हतं. मधेच थांबले आणि म्हणाले, "त्यानं घेतलंच नाही तर?"

"नाही घेतलं तर परत आणू," मी म्हटलं. पण खात्री मलाही नव्हती. कारण काकाही त्याच आईचे, मानीपणात कमी नाहीत. आणि काकांनी घेतलं नाही, तर हा माणूस तो पाव देवापुढे पुन्हा उचलणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

भांडणापासून काका-काकू आमच्या चर्चला येत नव्हते. काका आत होते, कोपरापर्यंत हात पिठात. लाकडी काठवटीत एका बाजूनं ते मळत होते, दुसऱ्या बाजूनं काकू. आम्हाला बघून काकूंचे हात थांबले. काकांचे नाही. त्यांनी मान वर केली, पुन्हा खाली घातली आणि मळत राहिले.

बाबा दारातच उभे. वर्षानुवर्षं आत्ताच आत्ताच करणारा माणूस उंबरा ओलांडेना. मी मागून कोपरानं ढोसलं.

"तुला मी चारचौघांत बोललो ते," ते म्हणाले, "फार वाईट बोललो. तू एकटा राबत होतास. आईला तू मारलं नव्हतंस. आणि तू मागितलंस तेव्हा मी दिलं नाही, तो तर माझा निव्वळ आडमुठेपणा. माफी मागायला आलोय. हे आणलंय." त्यांनी बरणी पुढे केली.

"हात पिठात आहेत," काका म्हणाले. वर बघितलंही नाही.

बाबांनी मान डोलावली. बरणी हळूच फडताळावर ठेवली आणि वळले. तेवढ्यात काकू कडाडल्या, "अहो, तोंडात तर पीठ नाही ना? बोला की!"

"दादा," काका म्हणाले. "झाकण उघड."

बाबांनी बरणी उचलली, झाकण काढलं आणि काकांच्या नाकाशी धरली. काकांनी डोळे मिटून वास घेतला. एवढा मोठा टक्कल पडलेला गृहस्थ, "आई" म्हणाला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. हात पिठात, डोळे पुसता येईनात. मग बाबांनीच आपला रविवारचा इस्त्रीचा रुमाल काढला आणि भावाचं तोंड पुसलं, नाकासकट.

"माफ केलंस?" बाबांनी विचारलं.

"आधी बाह्या वर कर," काका नाक ओढत म्हणाले. "हिचे हात दमलेत. पीठ अर्धवट सोडता येत नाही."

"अरे पण चर्चमध्ये मंडळी थांबलीय! मी पाव मेजावर ठेवून आलोय."

"मंडळीला थांबवून इथे आलास? वेडा आहेस का, दादा?" आणि काका हसायला लागले. मग बाबाही. काकूंनी बाबांच्या कमरेला एप्रन बांधला आणि दोघं भाऊ काठवटीच्या दोन बाजूंना उभे राहिले. एक ढकलतोय, दुसरा ओढतोय. एकमेकांना काही सांगावं लागत नव्हतं, हात आपोआप जुळत होते.

निरोप द्यायला मला पिटाळलं. चर्चमध्ये तेच गीत पुन्हा पहिल्यापासून चाललं होतं, मंडळीचे घसे बसत आलेले. मी पाळकसाहेबांना दबक्या आवाजात म्हटलं, "येतायत. पीठ मळून होतंय." पाळकसाहेब गंभीर चेहऱ्यानं मंडळीला म्हणाले, "अजून एक कडवं." मागच्या बाकावरून कोणीतरी स्पष्ट कण्हलं.

आणि मग दार उघडलं. बाबांच्या कोटावर पीठ, काकांच्या भुवयांवर पीठ, एप्रन तसाच. दोघं मधल्या वाटेनं पुढे आले. बाबांनी मेजावरचा पाव उचलला, पण पाळकसाहेबांकडे एकट्यानं दिला नाही. काकांचा हात धरून पावाखाली ठेवला आणि दोघांनी मिळून दिला. मी रडत होते आणि नवऱ्याच्या नव्या कोटाला नाक पुसत होते. तो काही बोलला नाही, म्हणजे बघा!

सोमवारी पहाटे मी भट्टीपाशी गेले तर बाबा स्टुलावर बसलेले, मांडीवर बरणी. मला वाटलं काही बिनसलं.

"बघ गं," ते म्हणाले आणि झाकण काढलं. रात्री त्यांनी नेहमीसारखं पीठ आणि पाणी घातलं होतं. खमीर फसफसून वर आलं होतं. बरणी काठोकाठ भरली होती.

"भरलीच की!" मी म्हटलं. "रोज भरते."

"रोज भरते," ते म्हणाले. "पाववाला आहे मी, मला हे ठाऊक नव्हतं का? त्यानं मूठभर मागितलं होतं गं. तेव्हा दिलं असतं तर दुसऱ्या दिवशी सकाळी भरली असती."

त्यांनी डोळे पुसले, उठले आणि बेकरीचं दार सताड उघडलं. समोर काका आपलं दार उघडत होते.

"वर आलं का रे?" बाबा इकडून ओरडले.

"आलं, दादा!" काका तिकडून ओरडले. "ये, वास घेऊन जा!"

भट्टीत पाव होते, टिचकी मारायची वेळ झाली होती, मी आपली "बाबा, पाव, पाव!" म्हणत राहिले. पण भट्टीची लांब फळी उचलून माझ्या हातात देऊन ते रस्त्याच्या मध्यावर पोचले होते.

"आत्ताच येतो," ते म्हणाले.