मागचं टायर, दुसऱ्यांदा

पडल्यापासून बायको माझ्या मोटारसायकलवर बसत नव्हती. तसं तिने कधी बोलून दाखवलं नाही. पायाचं प्लास्टर निघालं, काठी सुटली, आणि मानवतच्या बाजाराचा वार आला की ती पिशवी घेऊन फाट्यावर जाऊ लागली. तिथे एसटीची, नाही तर काळ्यापिवळ्या जीपची वाट बघत उभी राहायची. मी त्याच सुमाराला, त्याच रस्त्याने, मागची सीट रिकामी घेऊन मानवतच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात जायचो. तिथे एका आडतीवर मी मुनीम आहे. फाटा आला की माझा वेग आपोआप कमी व्हायचा. ती पदर सारखा करत दुसरीकडे बघायची. मी पुढे निघून जायचो.

आम्ही पडलो ते माझ्यामुळे. रब्बीसाठी कॅनॉलला पाणी सुटलं होतं. शेतांकडे जाणारी एक चारी फुटून पाणी रस्त्यावर आलं होतं, आणि ट्रॅक्टरांनी शेतातली काळी माती डांबरावर आणून टाकली होती. मागचं चाक एकदम बाजूला सरकलं. मला फक्त खरचटलं. गाडी डाव्या अंगावर आडवी झाली, आणि बायको डावीकडेच पाय सोडून बसते. तिचा घोटा मोडला.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी चिखलाचं सांगितलं. चिखल होताच, खोटं काही नव्हतं. पण त्याच चिखलातून त्या दिवशी इतर गाड्याही गेल्या होत्या. माझं मागचं टायर गुळगुळीत झालं होतं. फाट्यावरच्या पंक्चरवाल्याने ते मला आधीच चार माणसांत ऐकवलंही होतं. "मुनीमजी, टायर अन् तुमचं डोस्कं एकसारखंच झालंय बघा. डोस्क्याला टोपी तरी घालता येती."

सगळे हसले. मीही हसलो आणि म्हणालो, "चालतंय अजून."

बायको तेव्हा मागच्या सीटवर बसलेली होती. तीही हसली होती. नंतर दवाखान्यात, घरी, पाहुण्यांसमोर मी चिखल चिखल करत राहिलो, आणि तिने एकदाही त्या बोलण्याची आठवण काढली नाही. काढली असती तर मला सोपं गेलं असतं.

नवीन टायर आणि ट्यूब मी मानवतहून आणली, पण ती घेऊन पंक्चरवाल्याकडे जाण्याचं धाडस होईना. तो या वेळी काही बोलला नसता, तेच मला नको होतं. शिवाय हे आपल्या हातानेच व्हावं असंही वाटत होतं. खरं सांगायचं तर त्यात थोडा देखावाही होता. तिने दारातून बघावं, मी घामाघूम झालेला असावा, असं काहीतरी मनात होतं.

मोंढा बंद होता त्या दिवशी सकाळीच अंगणात गाडी मोठ्या स्टँडवर लावली. मागच्या चाकाचा आस ज्या नटाने बसवलेला असतो तो नट गंजून घट्ट झाला होता. पान्याच्या दांडीवर बोअरचा जुना पाइप चढवून लांबी वाढवली, तेव्हा तो करकरत हलला. ब्रेकचा दांडा सोडवला, आस ठोकून बाहेर काढला. आता चाक नुसतं हातात येईल असं वाटलं होतं. आलं नाही. वर मडगार्ड, खाली जमीन, यांच्यामध्ये ते असं अडकून राहतं की गाडी पूर्ण एका बाजूला कलवल्याशिवाय निघतच नाही. मी कमरेने गाडी कलवायची आणि हात लांब करून चाक ओढायचं, असं करून पाहिलं. एकदा गाडी माझ्याच मांडीवर आली.

शेजारच्या मावशी शेळ्या सोडायला निघाल्या होत्या. त्या थांबल्या. कुंपणाच्या काटक्यांवरून बराच वेळ बघून म्हणाल्या, "बाळंतपण घरीच करायलाव का बाबा गाडीचं?"

मी काही बोलायच्या आत बायकोने दारातून उत्तर दिलं. "पायाळू हाय मावशी. निघंना झालंय."

"मंग दवाखान्यात न्या म्हणावं."

"मालकच डाक्टर झाल्यात आज."

दोघी हसल्या. मावशी शेळ्यांमागे गेल्या. बायको दारातच उभी होती. मी गुडघ्यावर बसलेलो. मदत मागायची तर एकच माणूस होतं, आणि त्या माणसाला गाडी धर म्हणायची माझी जीभ रेटत नव्हती.

तीच पायरी उतरून आली. "कोन्या बाजूला कलवायची?"

"डाव्या," मी म्हणालो. "राहू दे, मी बघतो काहीतरी."

ती डाव्या बाजूला येऊन उभी राहिली. म्हणजे गाडी तिच्याकडेच कलणार होती. तिने एका हाताने हँडल आणि दुसऱ्या हाताने सीटमागची दांडी धरली, पाय अंतर देऊन रोवले, आणि गाडी हळूहळू स्वतःच्या अंगावर घेतली. तिचा घोटा अजून थोडा सुजलेला दिसायचा. माझं लक्ष चाकापेक्षा तिकडेच होतं.

"पायाकडं काय बघायलाव, चाक काढा," ती म्हणाली. "जड हाय."

चाक निघालं. पुढचं काम त्याहून अवघड होतं. जुनं टायर वर्षानुवर्षं रिमला चिकटलेलं. त्यावर उभं राहून, टाचा मारून ते सुटं करावं लागलं. मग दोन लोखंडी पट्ट्या घालून त्याची कड रिमवरून वर ओढायची. नवीन टायर चढवताना साबणाचं पाणी लावलं. तरी शेवटची वीतभर कड काही केल्या आत जाईना. एका बाजूने दाबली की दुसऱ्या बाजूने वर यायची. दोन हात पुरत नव्हते. बायकोने न विचारता चपला काढल्या, बऱ्या पायाची टाच त्या कडेवर दाबून ठेवली, आणि मी उरलेली कड आत लोटली. पंपाने हवा भरली. पुन्हा तिने गाडी कलवून धरली, मी चाक बसवलं, नट आवळला. ती चहा ठेवायला आत गेली.

मी ओल्या फडक्याने चाक पुसत होतो. हाताने फिरवलं. आणि टायरच्या अंगावर उठावाचा एक छोटा बाण दिसला. चाक पुढे फिरत होतं, बाण मागे बघत होता.

दुकानदाराने सांगितलं होतं, बाण बघून बसवा, टायरच्या रेघा ओल्यात पाणी बाहेर फेकायला असतात. मी "हो हो" म्हणालो होतो. आणि आता दोनदा गाडी कलवून, साबणात हात बुडवून, मी टायर उलटं बसवलं होतं.

मी तसाच बसून राहिलो. स्टोव्हचा आवाज येत होता. कोणाला कळणार होतं? बायकोने बाण पाहिलेला नव्हता. मावशी तर रानात. गाडी चालली असती, कदाचित कधीच काही झालं नसतं. आणि मनात तेच शब्द आले, जे मी फाट्यावर हसत बोललो होतो. ते इतक्या सहज आले की मला स्वतःची भीती वाटली. इतके दिवस झुरूनही माझ्यात काही बदललं नव्हतं. सवय तिथेच बसलेली होती.

बायको दोन कप घेऊन आली.

"उलटं बसलंय," मी म्हणालो. "हा बाण पुढं पाहिजे. मी बघितलाच नाही."

तिने बाणाकडे पाहिलं, मग चाक किंचित फिरवून पाहिलं. "तसंच राहिलं तर?"

"कोरड्यात कळणार न्हाई. ओल्यात पकड कमी."

तिने कप पायरीवर ठेवले. मला वाटलं आत जाईल. ती गाडीच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली, पदर कमरेला खोचला आणि म्हणाली, "मंग काढा. चहा निवला तर निवू द्या."

मला तेव्हा चिखलाबद्दल बोलायचं होतं. चिखल नव्हता, मी होतो, एवढंच. मी नट सोडवत खाली मान घालून ते बोललोही. ती म्हणाली, "मला ठाव हाय. मी बसलेली होते न्हाई का मागं." हँडल धरत म्हणाली, "मी बी हसलेच की त्या दिवशी." मग पुन्हा गाडी अंगावर घेतली.

दुसऱ्यांदा सगळं लवकर झालं. कड कुठे अडते, टाच कुठे ठेवायची, हे आता दोघांनाही कळलं होतं. चाक बसवल्यावर तिनेच ते फिरवून बाण पाहिला.

मला वाटलं होतं, आता ती बसेल. मी गाडी चालू करून थांबलो. ती आत गेली आणि ज्वारीचं दळण घेऊन आली. ते मागच्या सीटवर ठेवून दोरीने आवळलं.

"आधी हे गिरणीत नेऊन आणा," म्हणाली. "सांडलं तर कळंल."

दळण सांडलं नाही. त्यानंतर पेंडीचं पोतं गेलं, एकदा मावशींचं करडू गेलं, मावशींच्या मांडीवर. मावशी उतरल्यावर बायकोने त्यांना विचारलेलं मी ऐकलं, "सरकली का कुठं?" मावशी म्हणाल्या, "न्हाई गं, लय सावकाश नेतंय. चालत गेले असते तर लवकर पोचले असते."

पुढच्या बाजाराला बायको फाट्याकडे न जाता गाडीपाशी येऊन उभी राहिली. बसली. पूर्वी ती माझ्या खांद्यावर हात ठेवायची. आता सीटमागची दांडी धरते.

कॅनॉलला पाणी सुटलं की त्या जागी रस्ता अजूनही ओला होतो. तिथे आलो की ती म्हणते, "थांबा." मी थांबतो. ती उतरते, साडी थोडी वर धरून कडेकडेने चालत जाते. मी एकटा गाडी पलीकडे नेतो, पाय जमिनीवर टेकवत. मग वळून बघतो. तिचा डावा पाय चिखलात किंचित जपून पडतो. ती येईपर्यंत मी गाडी चालूच ठेवतो. ती येऊन बसते, आणि आम्ही मानवतला जातो.