मयताच्या घरचं भजन आणि उलटे अंगठे

चारठाण्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या बसम्माकाकू गेली तीस वर्षं मयताच्या घरी शिवभजन म्हणतात. त्यांच्या लिंगायत समाजात माणूस गेलं की त्याला बसवतात, फुलांनी सजवतात आणि अंत्ययात्रा निघेपर्यंत समोर भजन चालतं. काकूंचा आवाज असा, की कोरड्या डोळ्यांनी आलेला पाहुणाही रुमाल शोधायला लागतो. पण भजन संपल्यावर तिथे 'वा' कोण म्हणणार? लोक खाली माना घालून उठतात. तीस वर्षांत काकूंना कोणी बरंवाईट एक अक्षर बोललेलं नाही.

मग आमच्या गल्लीतल्या माणिकरावांच्या आई, सरजाबाई, गेल्या. लांबच्या नातेवाइकांना पाहता यावं म्हणून काकूंच्या सुनेने, अनुपमाने, त्या भजनाचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला. आठवड्यात अकरा हजार लोकांनी पाहिला. पसंतीचे अंगठे सव्वीस. उलटे, नापसंतीचे, नऊशे बारा. उलट्यांचा आकडा फक्त व्हिडिओ टाकणाऱ्याला दिसतो; पण अनुपमाच्या पोटात काही राहत नाही, तिने तो सासूला वाचून दाखवला.

काकूंनी टाळ खुंटीला टांगले. दुसऱ्या दिवशी सकाळी देवगाव फाट्याहून बोलावणं आलं, तर घसा बसलाय म्हणून सांगितलं. मला म्हणाल्या, "गुरुजी, तीस वर्सं लोकायनी गुमान ऐकून घेतलं. मयताच्या घरी कोन म्हनंल, बाई, गप बस म्हनून?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण त्यातला एक अंगठा माझा होता. शेवटी सांगून टाकलं.

"काकू, मी बी उलटाच दाबलाय. सरजाबाई समोर बसवलेल्या, त्याच्यावर 'आवडलं' कसं दाबावं? वाईट वाटलं म्हणून खालचा दाबला. समोरच्या मालनबाईंनीही तेच केलंय."

"मंजी वाईट दाबलं तर चांगलं?"

"तसंच."

"आन् हे सव्वीस जन? त्यायला सरजाबाई गेल्याचा आनंद झाला?"

सव्वीस जणांना भजन आवडलं असेल म्हणावं, तर मग नऊशे बारांत खरंच न आवडलेलेही असतील. माझंच डोकं चालेना. तेवढ्यात अनुपमा म्हणाली, "आत्याबाई, सव्विसातला एक माजा हाय." सासूने तिच्याकडे असं पाहिलं, की ती चहा ठेवायला आत पळाली.

"ते मरू द्या," काकू म्हणाल्या. "आवाज बरा हाय का न्हाई, तेवडं सांगा."

"लय चांगला हाय."

"शेजारी म्हनून बोलायलात तुमी."

निरोप देऊनही फाट्यावरची जीप दारात आलीच. आलेली गाडी रिकामी कशी धाडायची, म्हणून काकू बसल्या. मीही बसलो. तिथे त्या गायल्या, पण आयुष्यात पहिल्यांदा त्यांची नजर लोकांच्या तोंडांवर फिरत होती. लोकांच्या माना खाली. भजन थांबलं आणि नेहमीसारखं सगळं चिडीचूप झालं. काकू एकट्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला ते बघवेना.

"काकू, लय गोड गायलात," मी भरल्या घरात मोठ्याने म्हणालो.

गेलेल्या माणसाच्या भावाने डोळे वटारले. एक म्हातारे म्हणाले, "गुरुजी, जागा तरी बघा."

काकूंनी झटकन पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलायला लागले. त्या रडायल्यात असं वाटून दोन बायका त्यांना सावरायला धावल्या.