न उघडलेला प्रोग्रॅम
हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आंबूस दुधाचा वास आला, की मुरगूडजवळची ती दूध संस्था आठवते. माझ्या कॉम्प्युटर क्लासातल्या एका मुलीनं जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत दूध नोंदणीचा प्रोग्रॅम केला होता. तो चालला तर तिथंच नोकरी मिळणार होती. मीही तिच्यासोबत गेलो होतो. तिनं संस्थेच्या कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह लावून क्लिक केलं. काहीच उघडेना. "काय पोरी, म्हस आटली व्हय तुझी?" चेअरमन हसले. ती माझ्याकडं वळली, "सर, क्लासात चालत होता की!" दुसऱ्या कॉम्प्युटरवर आधी जावाचं सॉफ्टवेअर टाकावं लागतं, तरच प्रोग्रॅम उघडतो, हे मी शिकवलंच नव्हतं. मला तेव्हाच उमगलं, पण चारचौघांत मास्तरकी जाईल म्हणून म्हणालो, "तुझंच काहीतरी चुकलं असंल." नोकरी गेली, तिनं क्लासही सोडला. चूक माझी होती, एवढं तिला सांगायचं माझ्याकडून अजून राहिलंय.