हौसा आणि रेडिएटरचं पाणी

आमच्या चाळीस वर्षांच्या ट्रॅक्टरला कुणी चावी लावायच्या आधी माझी बायको हौसा रेडिएटरचं टोपण काढून आत बोट घालायची. बोटाला मळ लागला की ती ट्रॅक्टर जागचा हलू द्यायची नाही. आमच्या मार्गासनी गावातली माणसं हसायची. मला लई राग यायचा. तो गंजका वास तिच्या हाताला, हाताचा भाकरीला.

बोअरचं पाणी ती घालू द्यायची नाही, क्षार धरतं म्हणून. झऱ्यावरून कळशी आणायची. जाळीत अडकलेला भुसा, मेलेले किडे आतल्या बाजूनं पाणी मारून बाहेर काढायची. वर्षातून दोनदा धुण्याचा सोडा घालून सगळं खळबळून सोडायची. म्हणायची, "इंजनाला तोंड न्हाई म्हणून घाण पाजायची व्हय?"

एकदा शेजारच्या विंझर गावात भाताच्या चिखलणीत ट्रॅक्टर तापला, वाफ उसळली. मी गार पाण्याची बादली उचलली. हौसानं ती हिसकावली आणि घेऊन बांधावर बसली. चार माणसांत मी तिला नको ते बोललो. ती शांतपणे म्हणाली, "गार पाण्यानं इंजनाचं हेड फुटंल. निवू द्या त्याला. तुमी बी निवा."

गेल्या वर्षी ती अंथरुणाला खिळली. रोज विचारायची, पाणी बदललं का. मी बदललं म्हणायचो. टोपणाला हातसुद्धा लावला नव्हता. गळती थांबवायला पुतण्या दत्तूनं रेडिएटरमध्ये हळद ओतली, तेही नुसतं बघत राहिलो. एक दिवस ती म्हणाली, "त्यातलं पेलाभर आणून दावा." मी माठातलं नेलं. तिनं पेला उजेडात धरला, माझ्याकडं पाहिलं.

"माठातलं हाय," म्हणाली आणि पिऊन टाकलं.

चौथ्या दिवशी गेली.

तेरावं झाल्यावर मी रेडिएटरचा खालचा नळ उघडला. हळदीच्या गुठळ्यांचा काळपट रेंदा माझ्या पायावर आला. कुजका वास अंगणभर सुटला. दत्तू म्हणतो, "नाना, अजून एक पुडी हळद टाकू, चालंल." त्याला अंगणातून हाकलला. पण ती घाण माझी होती. सहा महिने मीच ती साठू दिली आणि मरणाऱ्या बाईला तोंडावर खोटं सांगितलं. थू माझ्या जिण्यावर.

सोड्यानं पाच वेळा धुतलं. मग झऱ्याचं पाणी भरून सोडलं, ते निवळ आलं. पेल्यात धरलं आणि हौसाला दाखवायला घराकडं निघालो. उंबऱ्यापाशी पोचल्यावर पाय थांबले.