फॉर्म नंतर, आधी जाऊन या

सुमनताई पोहाणे मॅडमची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा मी त्यांच्याविरुद्ध बातमी लिहायला निघालो होतो. गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करू नये, याची मला कल्पना आहे. संपादक मंडळाने लेखकांना धाडलेल्या पत्रात 'अप्रिय प्रसंग टाळावेत' अशी नम्र सूचनाही आहे. ती मी काटेकोर पाळतो आहे. हा प्रसंग मला अत्यंत प्रिय आहे.

नऊ वर्षं झाली. मी तेव्हाही आर्वीचा वार्ताहर होतो आणि आजही आहे. प्रगतीच्या बाबतीत माझ्याकडे बोट दाखवायला कुणाला जागा नाही. मॅडम इथल्या कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवत. पण गावात त्यांची ओळख होती ती बारावीच्या मुलांना 'पुढे काय' हे विचारणाऱ्या बाई म्हणून. त्यांचा एक नियम होता. ज्या ठिकाणी पुढे शिकायला किंवा कामाला जायचं मनात आहे, ते ठिकाण मुलाने किंवा मुलीने आधी एकट्याने जाऊन पाहायचं. कॉलेज असो, आयटीआय असो, पोलीस भरतीचं मैदान असो. जाऊन आल्याशिवाय मॅडम फॉर्मला हात लावू देत नसत. येताना तीन गोष्टी आणायच्या: परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ, पिण्याच्या पाण्याची आणि संडासाची जागा, आणि आपल्याशी नीट बोललेल्या एका माणसाचं नाव.

ही नावं मॅडम एका वहीत उतरवून ठेवत. जिल्ह्यातल्या कुठल्या कचेरीत, कुठल्या वसतिगृहात, कुठल्या खिडकीमागे पोराशी माणसासारखं बोलणारा माणूस बसतो, याची ती यादी. त्यात प्राचार्य फार थोडे आहेत. शिपाई, चौकीदार आणि मेसवाल्या बाया पुष्कळ आहेत. मी संस्कृतचा विद्यार्थी. सत्संगतीवर पाठ केलेलं पुष्कळ विसरलो. सज्जनांची पत्त्यासह यादी मात्र मी पहिल्यांदा त्या वहीतच पाहिली.

संस्थेच्या सचिवांना हा नियम मान्य नव्हता. मुलगी एकटी बाहेरगावी गेली आणि काही कमीजास्त झालं तर नाव संस्थेचं जाणार, हा त्यांचा मुद्दा. मुद्दा खोटा नव्हता, भित्रा होता. त्यांनी मॅडमना नोटीस दिली: विद्यार्थ्यांना एकटे बाहेरगावी पाठवू नये, अन्यथा कारवाई होईल. मॅडमचं उत्तर कार्यालयात अजून जपून ठेवलेलं आहे, मी पाहिलं आहे. 'नोटीस मिळाली. शनिवारी किरकोळ रजा मिळावी, ही विनंती.'

रजा मंजूर झाली आणि सचिवांनी मला फोन केला. "शनिवारच्या साडेसातच्या वर्धा गाडीत बसा. बातमी तुमच्या समोर बसून राहील."

बातमी पुढून दुसऱ्या बाकावर बसली होती. तिचं नाव सविता उईके. रोहण्याजवळच्या एका वस्तीवरची मुलगी. घरी गोंडी बोलणारं कुटुंब. वडील थोडी शेती आणि जंगलातलं काम करत. सविताला नर्सिंगला जायचं होतं, म्हणून वर्ध्याजवळच्या सावंगीचं मोठं इस्पितळ पाहायला निघाली होती. मॅडम अगदी मागच्या बाकावर होत्या, आणि त्या गाडीत आहेत हे सविताला ठाऊक नव्हतं. मी मधे. मी मागे जाऊन ओळख करून दिली आणि विचारलं, "मॅडम, नोटीस असताना तुम्ही मुलीला घेऊन निघालात?"

"मी कुणाला घेऊन निघाले नाही. मी रजेवर आहे. एसटीत कोण बसलं आहे, तो कंडक्टरचा विषय." मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाल्या, "तुम्ही ते संस्कृतवाले ना? बसा शास्त्रीबुवा. खिडकी लावा, थंडी वाजते."

तेव्हापासून मी शास्त्रीबुवा.

त्या मुलीचं त्या दिवसावर किती टांगलेलं आहे, हे मला गाडीतच कळलं. वडील पाठवायला तयार नव्हते. मॅडम दोनदा त्यांच्या अंगणात जाऊन बसल्या होत्या. उईकेंनी विचारलं होतं, "मॅडम, पोरगी हरपली त तुमी भरून द्यान का?" मॅडम म्हणाल्या होत्या, "भरून देता येत नाही. पण मी तिच्या मागे राहीन. तिला सांगू नका." शेवटी उईकेंनी अट घातली. दिवस मावळायच्या आत पोरगी आर्वी स्टँडवर दिसली पाहिजे. नाही दिसली, तर कॉलेज त्याच दिवशी बंद, परीक्षासुद्धा नाही.

वर्ध्याला उतरल्यावर सविता स्टँडबाहेर आली आणि कुणाला न विचारता, भरत आलेल्या ऑटोत बसली. तो ऑटो सावंगीचा नव्हता, सिंदी मेघेचा होता. मला ते दिसलं, मॅडमनाही दिसलं. मी म्हणालो, "अहो, हाक मारा! चुकली ती."

"गप बसा."

"वेळ जाईल ना! संध्याकाळी तिचा बाप..."

"शास्त्रीबुवा, आज मागे मी आहे. आज चुकू द्या. मागे कुणी नसताना पहिल्यांदा चुकली, तर काय करेल?"

आम्ही दुसऱ्या ऑटोने मागे. सिंदी मेघेत एका कॉलनीच्या तोंडाशी सविता उतरली. समोर बंगले, तारेवर वाळत घातलेले कपडे, इस्पितळ कुठेच नाही. पोरगी पिशवी छातीशी धरून उभी राहिली. फोन नव्हता, घरात एकच होता, तो वडिलांच्या खिशात. आम्ही एका पानठेल्याच्या आडोशाला. मी घड्याळ पाहत होतो आणि मॅडम मुलीकडे. मॅडमच्या कपाळावर डिसेंबरात घाम होता, हे इथे नमूद करतो. त्यांना धैर्यवान म्हणणाऱ्यांनी तो पाहिलेला नाही.

बऱ्याच वेळाने सविता एका घराच्या फाटकाशी गेली. आतली बाई पापड वाळत घालत होती. काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही. पण बाई हात झटकत बाहेर आली, रस्त्यापर्यंत चालत आली, ऑटो थांबवला आणि ऑटोवाल्याला दरडावलं, "हिले सावंगीले, दवाखान्याच्या गेटवर सोडजो. अंदर नेऊन सोडजो, समजलं का?"

सविता इस्पितळातल्या चौकशीच्या खिडकीशी पोचली तेव्हा एकला दहा मिनिटं कमी होती आणि खिडकी एकला बंद होणार होती. तिने नर्सिंगची चौकशी केली. मग निघायच्या ऐवजी त्या लांब व्हरांड्यात एका दारासमोर थांबली. आत रक्त तपासायचं काम चाललं होतं. नळ्या ओळीने लावलेल्या, कुणीतरी सूक्ष्मदर्शकावर वाकलेलं. ती पुन्हा खिडकीकडे पळाली. खिडकी बंद झाली होती, तरी तिने काच वाजवली. "मॅडम, ते काम कराले काय शिका लागते?" आतल्या बाईंनी डबा बाजूला ठेवला आणि तिला सगळं सांगितलं.

परतीची गाडी आर्वीला पोचली तेव्हा ऊन झाडांच्या शेंड्यांवर उरलं होतं. उईके स्टँडच्या खांबाला टेकून उभे. बापलेकीचं आधी गोंडीत काही झालं. त्यात माझ्या संस्कृतचा काडीइतका उपयोग नव्हता. मग ते आमच्याबरोबर मागून उतरलेल्या मॅडमकडे वळून चढ्या आवाजात म्हणाले, "पोरगी म्हनते मी चुकली होती! तुमी होत्या ना संगं? मंग चुकली काऊन?"

"संगं नव्हते. मागे होते."

"हे काय बोलणं झालं मॅडम?"

सविता आपल्या बाईंकडे पाहतच राहिली. मग मधे पडली. "बाबा, चुकली अन मंग इचारलं. इचारून गेली. अन आली ना? तो पाय, दिवस हाय अजून."

उईकेंनी मान वळवून खरोखर दिवस पाहिला. मग विचारलं, "कोनाले इचारलं?"

"एका बाईले. पापड करून राह्यली होती."

"नाव इचारलं का तिचं?"

"इचारलं."

"मंग सांग त मॅडमले. लिवून घेतील."

सविताने नर्सिंगचा फॉर्म भरलाच नाही. तिने प्रयोगशाळेचा अभ्यासक्रम घेतला आणि आज ती तेच काम करते आहे. मॅडमच्या लेखी महत्त्वाचं हे, की तो फॉर्म चुकीचा ठरला असता आणि हे पोरीला स्वतःच्या डोळ्यांनी कळलं. 'नको' म्हणून परत आलेल्या मुलाला त्यांनी कधी अपयशी म्हटलं नाही. उलट त्याला वर्गासमोर उभं करून सांगायला लावत, की बाबा, काय पाहिलंस?

मी बातमी लिहिली. ती सचिवांना हवी तशी झाली नाही. त्यानंतर वर्षभर ते माझ्याशी बोलले नाहीत. माझ्या पत्रकारितेतलं ते सर्वांत निवांत वर्ष.

मॅडमना संत करून टाकण्याचा माझा विचार नाही. त्या तापट आहेत, चहा भयंकर गोड करतात आणि समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत नाहीत. माझ्या मुलीची बारावी आली तेव्हा तिला अमरावतीला एकटीने जायचं होतं, आणि आडवा कोण आला? मीच. ज्याने उईकेंवर अर्धा कॉलम लिहिला होता तो मी. मॅडम घरी आल्या, माझ्याकडे पाहिलंही नाही, मुलीला म्हणाल्या, "तुझे वडील सहा वर्षं 'गच्छति' चालवत होते. तू जा." मुलगी गेली. परत आल्यावर तिने मला शेवटच्या गाडीची वेळ सांगितली, आणि मी आतल्या खोलीत जाऊन थोडा वेळ बसलो.

निकालाच्या दिवशी गाव गुणवंतांच्या घरी पेढे खायला जातं. मॅडम त्या दिवशी नापासांकडे जातात आणि तिथे जेवतात. जेवण होईपर्यंत निकालाचा विषय काढत नाहीत. ताट उचलताना म्हणतात, "उद्या कुठे जाऊन यायचं?"

मॅडम निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. या वर्षी संस्थेने मुलांचा कल ओळखणारी संगणकावरची चाचणी आणली आहे. चाळीस मिनिटांत रंगीत कागद हाती येतो. कागद सुबक असतो. माझ्या शेजारच्या मुलाला त्याने 'व्यवस्थापक' व्हायला सांगितलं, कशाचा ते सांगितलं नाही. सोबत परिपत्रकही निघालं, की आता मार्गदर्शन शास्त्रीय झालेलं असल्याने मुलांनी ठिकाणं पाहायला जाण्याची गरज उरलेली नाही, आणि माजी शिक्षकांनीही तसा आग्रह धरू नये. 'माजी शिक्षक' हे अनेकवचन आदरार्थी आहे, हे गावाला कळलं.

मॅडमनी परिपत्रक वाचून घडी घातली आणि हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली ठेवलं. मुलं आता त्यांच्या ओसरीवर जमतात. त्यांना कुठला अधिकार नाही, शिक्का नाही, हजेरीपट नाही. आडवा येणारा बाप असला, की त्याच्याकडे उईके जातात. ते फार बोलत नाहीत. "माही गेलती. आली वापस. तुही बी येईन."

ही षष्ट्यब्दीपूर्ती ज्या संस्थेने योजली, तिनेच ते परिपत्रक काढलं आहे. शाल एका हाताने, परिपत्रक दुसऱ्या हाताने. म्हणून हे याच ग्रंथात लिहून ठेवतो: ज्या कामासाठी तुम्ही हार घालता, ते काम थांबवायला सांगू नका. आणि सांगणारच असाल, तर ते थांबणार नाही, एवढी नोंद घ्या.

सत्कार आधी सोमवारी सकाळी अकराला ठरला होता. पत्रिकाही छापून झाल्या. मॅडमनी कळवलं, "सोमवारी अकराला खिडक्या उघड्या असतात. चार पोरं वर्ध्याला जाणार आहेत, त्यातली दोन पहिल्यांदाच. मी मागे असेन." पत्रिका पुन्हा छापल्या: सायंकाळी सहा. मी फोन करून विचारलं, "मॅडम, गाडीला उशीर झाला तर?"

"तर हारांवर पाणी शिंपडा."

मॅडम, तुम्हाला शंभर वर्षांचं आयुष्य मागताना आम्ही तुमच्यासाठी विश्रांती मागत नाही; तुम्ही ती घेणार नाही आणि आम्हाला ती परवडणारी नाही. तुमचे गुडघे एसटीच्या उंच पायरीला पुरून उरोत. तुमची नजर चार बाक पुढचं पोर ओळखण्याइतकी स्वच्छ राहो. रक्तदाब तुमचा ताब्यात राहो, आमचा वाढला तरी चालेल. आणि सोमवारी सहाला मंचावर तुमची खुर्ची रिकामी असली, तर कुणीही कार्यक्रम सुरू करणार नाही, हे मी जबाबदारीने सांगतो. सचिव साहेब, आपणही बसून घ्यावं. मुलं अजून यायची आहेत.